उन्हाळ्यात तापणारा कॉम्प्रेसर

चाकांवर ओढून नेता येणारा डिझेलचा स्क्रू कॉम्प्रेसर दगडखाणीवर, रस्त्याच्या कामावर, बोअरच्या गाडीवर आणि जहाजदुरुस्तीच्या गोदीत सारखाच राबतो. त्याच्याविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार तापून बंद पडण्याची असते, आणि ती उन्हाळ्यात वाढते. मराठवाड्यात आणि विदर्भात बोअर मारण्याचा व विहिरी खोल करण्याचा हंगामही नेमका तोच असतो. पाणी आटले की शेतकरी बोअरची गाडी बोलावतो. त्यामुळे पारा बेचाळीस-पंचेचाळीसवर असतानाच मशीनच्या वाट्याला सर्वांत जास्त काम येते. दुपारी दीड वाजता, अर्धे भोक मारून झालेले असताना, मशीन धाडकन बंद पडते. मग घाईघाईने मशीनच्या बाजूच्या झडपा उघडल्या जातात, कोणी कूलरवर बादलीने पाणी मारतो, कोणी तेल ओततो, कोणी वायर जोडून मशीन पुन्हा चालू करतो. या चारही गोष्टी दोष शोधण्याआधी होतात आणि चारही नुकसान करतात.

हवा दाबली की ती तापते, हा या सगळ्याचा मूळ धागा आहे. ३० अंशांची हवा एका दमात ७ बारपर्यंत दाबली आणि तिची उष्णता काढून घेतली नाही, तर हिशेबाने ती २७० अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा शंभरच्या आत राहते ती तेलामुळे. एअर एंडमध्ये एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन रोटरांवर तेलाचा सतत मारा होत असतो. हे तेल बेअरिंगना वंगण देते आणि दोन रोटरांमधली फट बुजवते, पण त्याचे सर्वांत मोठे काम उष्णता वाहून नेण्याचे आहे. तापलेले तेल आणि हवा एकत्रच टाकीत येतात. तिथे बरेचसे तेल खाली बसते आणि उरलेले सेपरेटर अडवतो. टाकीतल्या हवेचा दाबच या तेलाला पुढे ढकलतो. थर्मोस्टॅटमधून कूलर, कूलरमधून फिल्टर, फिल्टरमधून पुन्हा एअर एंड, असा त्याचा फेरा असतो. बहुतेक पोर्टेबल मशीनमध्ये या वाटेवर वेगळा पंप नसतो. म्हणून टाकीत दाब धरला नाही, तर तेल फिरतच नाही.

हे ध्यानात घेतले की मशीन तापण्याची कारणे दोनच घरांत पडतात. एक तर रोटरपर्यंत पुरेसे तेल पोहोचत नाही, किंवा पोहोचलेल्या तेलातली उष्णता बाहेर टाकली जात नाही. बाकी सगळे या दोन घरांचे तपशील आहेत. अनुभवी फिटर पान्याला हात लावण्याआधी यांतले घर कोणते ते ठरवतो, आणि त्याचा निम्मा दिवस तिथेच वाचतो.

बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान साधारण ८० ते १०० अंशांत असले, तर मशीन ठीक चालले आहे. ते ११० ते १२० अंशांच्या दरम्यान, मेकप्रमाणे ठरलेल्या आकड्याला पोहोचले की तापमानाचा स्विच मशीन बंद करतो. कूलर स्वच्छ आणि थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असेल, तर हे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा ढोबळमानाने पन्नास-साठ अंशांनी जास्त राहते. हा फरक दिवसभर जवळपास तसाच टिकतो, म्हणून सगळा खेळ उरलेल्या अंतराचा होतो. बाहेर २८ अंश असताना गेज ८५ दाखवत असेल, तर ११५ ला बंद होणाऱ्या मशीनला अजून तीस अंश शिल्लक असतात. तेच मशीन ४५ अंशांच्या दुपारी १०२ वर जाते आणि हाताशी जेमतेम तेरा अंश उरतात. कूलरच्या पाकळ्यांत थोडी धूळ बसून फरक पंधरा अंशांनी वाढला, तर जानेवारीत कोणालाही पत्ता लागत नाही. एप्रिलमध्ये मात्र तेच मशीन रोज दुपारी थांबते. ‘काल-परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं’ हे ऑपरेटरचे म्हणणे अशा वेळी अक्षरशः खरे असते आणि त्याच्यावर संशय घेण्याचे कारण नसते. दोष हिवाळ्यापासूनच आत होता. म्हणूनच एकट्या गेजच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. गेज आणि कूलरच्या जाळीपाशी मोजलेली हवा यांतला फरक रोज लिहून ठेवला, तर वाढ दोन-तीन महिने आधी दिसते.

मोजमाप जाळीपाशीच घ्यावे लागते. हवामान खाते सावलीतले तापमान सांगते. काळ्या पाषाणाच्या खाणीत, तीन बाजूंनी तापलेल्या दगडाच्या भिंती असताना, मशीन ओढून घेते ती हवा त्याहून बरीच गरम असू शकते. यातही सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे मशीनने स्वतःचीच टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढणे. पंख्याची हवा जिथून बाहेर पडते, तिथून चार-पाच हातांवर खडकाची भिंत किंवा डंपर उभा असला, की ती हवा आपटून परत फिरते आणि जाळीतून पुन्हा आत जाते. दोन मशीन शेजारी लावल्या आणि एकीची गरम हवा दुसरीच्या तोंडावर गेली, तर दुसरी तापते आणि पहिली तापत नाही. मग दुसरीचे तेल बदलले जाते, फिल्टर बदलला जातो, थर्मोस्टॅट बदलला जातो, आणि फरक पडत नाही. मशीन तीस-चाळीस फूट हलवली, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून मोकळ्यावर उभी केली, की दोष नाहीसा होतो. खर्च शून्य असल्यामुळे ही तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, पण ती सहसा सर्वांत शेवटी होते. खर्चाचे काम केले की काहीतरी केल्यासारखे वाटते, हे त्याचे कारण असावे.

झडपांबाबतचा गैरसमजही याच जातीचा आहे. मशीन तापू लागली की ऑपरेटर बाजूच्या झडपा उघडून ठेवतो. आत वारा जाईल असे त्याला वाटते. पण कॅनोपीच्या, म्हणजे मशीनवरच्या पत्र्याच्या आवरणाच्या, आतला हवेचा रस्ता आखलेला असतो. जाळीतून आलेली हवा इंजिनवरून आणि कूलरमधूनच बाहेर जावी, अशी त्याची रचना असते. झडप उघडली की पंख्याला जवळची सोपी वाट मिळते आणि कूलरमधून जाणारी हवा घटते. झडपांच्या कडेचा फाटलेला फोम, पंख्याभोवतीच्या पत्र्याची निघालेली पट्टी, दुरुस्तीनंतर परत न बसवलेला पत्रा यांनीही हेच होते. असे पत्रे खाणीवर कोपऱ्यात पडलेले हमखास सापडतात. त्यांना कोणी मशीनचा भाग मानत नाही.

मशीन बंद पडल्यावर दोन गोष्टी विचारायच्या असतात आणि त्यासाठी काहीही खोलावे लागत नाही. पहिली, इंजिनचे पाणीही तापले होते का. तेलाचा कूलर आणि इंजिनचा रेडिएटर बहुधा एकाच पंख्यासमोर असतात. दोन्ही गेज वर गेले असतील, तर दोष दोघांच्या सामायिक गोष्टीत शोधायचा: पंखा, पट्टा, जाळी, मशीनची जागा किंवा वाढवलेला दाब. फक्त कॉम्प्रेसरचे तापमान वर गेले असेल, तर तेलाच्या फेऱ्यात. फक्त इंजिनचे गेले असेल, तर पाण्याच्या फेऱ्यात. दुसरी गोष्ट, तापायला वेळ किती लागला. सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत गेज सरळ वर धावले, तर रोटरवर तेल पडत नाही, हे जवळपास नक्की. अर्धा-पाऊण तास लोडवर चालून हळूहळू चढले, तर तेल फिरते आहे पण थंड होत नाही. या दोन उत्तरांवरून घर ठरते.

हळू तापणाऱ्या मशीनचा तपास कूलरपासून सुरू होतो, आणि बरीच प्रकरणे तिथेच संपतात. बेसाल्टची धूळ बारीक आणि चिवट असते. इंजिनच्या ब्रीदरमधून येणारा तेलाचा धूर किंवा एखाद्या होजच्या जोडातली पाझर तिला मिळाली, की पाकळ्यांमध्ये काळा लेप बसतो आणि नुसत्या हवेने तो निघत नाही. अकोला-यवतमाळकडे जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू जाळीवर चादरीसारखे चिकटतात. ते निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारी घाण जास्त त्रास देते. काही मशीनमध्ये कूलर आणि रेडिएटर एकामागे एक बसवलेले असतात आणि धूळ त्या दोहोंच्या मधल्या सांदीत साठते. बाहेरून पाहणाऱ्याला कूलर लखलखीत दिसतो. खात्री करायची तर दिवस मावळल्यावर मागून बॅटरी धरावी. पाकळ्यांतून उजेड सगळीकडे सारखा आला, तर वाट मोकळी आहे. जिथे काळे डाग दिसतात तिथे हवा जात नाही.

धुण्यालाही रीत आहे. आधी कोरडी हवा मारायची आणि तीही पंख्याची हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर पडते. पहिल्यांदाच पाणी मारले, तर धुळीचा चिखल होऊन आतल्या आत बसतो आणि वाळल्यावर दगड होतो. तेलकट लेप असेल, तर हवेनंतर डिग्रीझर लावून तो भिजू द्यायचा आणि मगच बेताच्या जोराने, पाकळ्यांना सरळ, पाणी मारायचे. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा तिरपा लागला, तर अॅल्युमिनियमच्या पाकळ्या वाकून वाट कायमची बंद होते. आणि हे सगळे मशीन पूर्ण निवल्यावर करायचे. शंभर अंशांच्या कूलरवर गार पाणी पडले की डाग दिलेले जोड एकदम आकसतात. त्या दिवशी काही होत नाही, पण पुढे केव्हातरी तिथूनच तेल गळू लागते.

पंख्याची परीक्षा कागदाने होते. मशीन चालू असताना जाळीच्या बाहेर कागदाचा मोठा तुकडा धरला, तर तो ओढला जाऊन चिकटून राहायला हवा. एका भागात चिकटतो आणि दुसऱ्या भागात गळून पडतो, असे झाले, तर त्या भागामागे काहीतरी अडले आहे. पट्टा सैल असेल, तर तो लोडवर घसरतो आणि पुलीशी रबराची काळी पूड साठते. पंखा काढून परत बसवताना पाती उलट्या बाजूने बसवली गेली, तरी पंखा फिरताना दिसतो आणि हवाही येते, फक्त बरीच कमी. नुकत्याच दुरुस्तीहून आलेल्या मशीनवर ही शंका जरूर घ्यावी.

तेलाच्या बाजूला वळले की पहिली पायरी पातळी बघण्याची, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. मशीन सपाटीवर उभी हवी, बंद करून काही मिनिटे गेलेली हवीत आणि टाकीचा दाब शून्यावर आलेला हवा. खाणीतल्या उतारावर उभ्या मशीनची पातळी दाखवणारी काच खोटे सांगते. टाकीत दाब असताना तेलाचे झाकण उघडले, तर शंभर अंशांचे तेल तोंडावर उडते. या कामात भाजण्याची सर्वांत मोठी भीती इथेच असते. गेज शून्य दाखवत असले तरी झाकण आधी अर्धा आटाच सोडून थांबावे. ‘फुस्स’ आवाज आला, तर तो संपेपर्यंत हात लावू नये. नवीन हेल्परला कामावर घेतल्यावर त्याला शिकवायची पहिली गोष्ट हीच असायला हवी.

पातळी कमी निघाली, तर तेल ओतून काम संपत नाही. ते गेले कुठे हे शोधावे लागते. बाहेर गळती नसेल, तर ते हवेबरोबर जात आहे. होजच्या तोंडाशी फडके धरले की तेलाचे शिंतोडे दिसतात. सेपरेटरने अडवलेले तेल परत एअर एंडकडे नेणारी एक बारीक नळी असते, स्कॅव्हेंज लाइन. तिच्यातले भोक इतके लहान असते की गंजाचा एक कण ते बुजवतो. मग सेपरेटरमध्ये तेल साठते, हवेबरोबर बाहेर जाते, टाकी रिकामी होते आणि चार दिवसांनी मशीन तापते. नवीन सेपरेटर महाग असतो आणि तो बसवूनही तेल जात राहते, कारण दोष एका बारीक छिद्रात असतो. याउलट काहीजण काळजीपोटी काचेच्या वर तेल भरतात. तेही हवेबरोबर निघून जाते.

पातळी ठीक आहे पण तापमान मिनिटाभरात चढते, अशा वेळी तेलाचा फिल्टर, एअर एंडच्या तोंडाशी असलेला तेल रोखणारा व्हॉल्व्ह आणि टाकीतला किमान दाब, असे क्रमाने पाहायचे. मधल्या, संशयास्पद प्रकरणांत कूलरच्या दोन तोंडांचे तापमान बरेच काही सांगते. तेल आत जाताना आणि बाहेर येताना मोजायचे. फरक नेहमीपेक्षा मोठा असेल आणि तरीही मशीन तापत असेल, तर कूलर आपले काम करतो आहे, तेलच कमी येत आहे. फरक लहान असेल, तर तेल भरपूर येते आहे पण त्याची उष्णता निघत नाही. बाहेरून धूळ आहे किंवा नळ्यांच्या आत जळक्या तेलाचा थर बसला आहे. आणि गेज ११० दाखवत असताना कूलरचे आत जाण्याचे तोंडच कोमट असेल, तर तेल कूलरकडे वळतच नाही, थर्मोस्टॅट अडकला आहे. मोजायला बंदुकीसारखे इन्फ्रारेड थर्मामीटर चालते, पण चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवते. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे थांबून सांगणे भाग आहे. उन्हाळ्यात तो काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. काही रचनांमध्ये तो काढला की तेलाला कूलर टाळून जाण्याची वाट कायमची उघडी राहते आणि मशीन उलट जास्त तापते. जिथे तेल कायम कूलरमधून जाऊ लागते, तिथे उन्हाळा निभावतो, पण संकट पावसाळ्यात येते. कोकणात पावसाळ्यात हवा ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल, तर ती ७ बारपर्यंत दाबल्यावर तिच्यातली वाफ साधारण ६७ अंशांच्या खाली पाणी होऊ लागते. थर्मोस्टॅट तेलाला त्याच्या वर राखतो. तो नसला की हलक्या लोडवर तेल गार राहते, टाकीत पाणी साठते, तेल दुधाळ होते आणि बेअरिंग गंजतात. मार्चमध्ये वाचवलेल्या थोड्या पैशांची किंमत सप्टेंबरात एअर एंडने मोजली जाते, आणि तोवर कोणाला मार्च आठवत नाही.

तेल कोणते, हा प्रश्नही इथलाच. मशीनच्या पुस्तकात सांगितलेले तेल खाणीवर मिळत नाही म्हणून बॅरलमध्ये असेल ते ओतले जाते. खनिज तेल आणि ग्लायकॉलवर बनलेले कृत्रिम तेल एकमेकांत मिसळले, तर चिकट गाळ तयार होऊन फिल्टर आणि कूलर दोन्ही तुंबतात. शिवाय तेलाचे आयुष्य तापमानाशी बांधलेले आहे. ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. सतत १०५ वर चालणाऱ्या मशीनमध्ये पुस्तकातले तास धरून तेल बदलणे पुरेसे नाही.

दाबाचा विषय थोडक्यात. बोअरचा हॅमर जोरात मारावा म्हणून दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू आवळला जातो. दाब वाढला की उष्णता आणि इंजिनवरचा भार दोन्ही वाढतात. सेपरेटर तुंबला तरी तोच परिणाम होतो, कारण होजवर तोच दाब मिळवण्यासाठी टाकीत जास्त दाब धरावा लागतो. हवेचा फिल्टर तुंबला की एअर एंडला कमी दाबाची हवा मिळते, दाबण्याचे प्रमाण वाढते, आणि बाहेर पडणारी हवा अधिक तापते. फिल्टरवरचा लाल निर्देशक यासाठीच असतो.

क्वचित सगळे ठीक असून सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलते. ते बाहेरून मोजून ताडून पाहता येते. नळीच्या पृष्ठभागावर आकडा आतल्या तेलापेक्षा काही अंश कमी येईल, हे धरून चालायचे. पण ‘सेन्सर खराब आहे’ हा निष्कर्ष मोजल्याशिवाय काढला जातो आणि स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या जातात, तेव्हा काम धोक्याच्या हद्दीत शिरते. टाकीत दाबाखालची हवा, तेलाचे बारीक कण आणि तेलाने भिजलेला सेपरेटर एकत्र असतात. तापमान रोखणारे काहीच उरले नाही, तर आत आग लागू शकते. सेपरेटरच्या गॅस्केटला जे स्टेपल मारलेले असतात, ते त्यात साठणारी स्थिर वीज टाकीच्या धातूत उतरवण्यासाठी असतात, आणि गळती थांबवण्यासाठी साधे गॅस्केट कापून लावणारे नेमके तेच गमावतात. जोडलेल्या वायरीमुळे भोक पूर्ण होते आणि पैसे मिळतात, पण मशीनशेजारी उभा राहतो तो रोजंदारीवरचा ऑपरेटर. ज्याने वायर जोडायला सांगितले तो बहुधा तिथे नसतो. कंत्राटदाराने कामाच्या घाईत घेतलेल्या निर्णयांपैकी या एकाचे समर्थन होऊच शकत नाही.

तापून बंद पडलेले मशीन लगेच चालू करू नये. बंद पडण्याआधीच तापल्याचे लक्षात आले, तर लोड काढून तीन-चार मिनिटे रिकामे चालवून मगच थांबवावे, म्हणजे इंजिनच्या टर्बोचे आणि एअर एंडचे तेल जागच्या जागी जळत नाही. स्विचनेच बंद केले असेल, तर ही संधी मिळत नाही. मग मशीन निवेपर्यंत थांबून तेल काढून पाहावे. काळपट रंग आणि आंबट-जळका वास आला, तर ते तेल उरलेल्या तासांचा हिशेब न करता टाकून द्यावे आणि फिल्टरही बदलावा. आत वार्निशचा पिवळट-तपकिरी थर बसलेला असेल, तर नवीन तेल त्याला विरघळवत फिरते आणि फिल्टर लवकर भरतो. म्हणून पहिला बदल नेहमीपेक्षा पुष्कळ आधी करावा लागतो. कारण सापडून दूर झाल्यावर, त्याच जागी, त्याच लोडवर, दुपारच्या उन्हात मशीन तासभर चालवून जाळीपाशी हवा, कूलरची दोन्ही तोंडे आणि गेज असे चार आकडे वहीत लिहायचे. पुढच्या वर्षी तुलना करायला हेच आकडे लागतात. सकाळी गारव्यात घेतलेली चाचणी पास झाली, तरी तिच्यावर मशीन परत सोपवू नये.